माहिती मिळाली नाही

बाड हॉम्बुर्ग
२ सप्टेंबर २०२४

वन्सं,

फोन करत नाही. फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला वाजतं आणि मग तुमचा भाऊ आठ दिवस तोंड पाडून बसतो. कागदावर निदान तुम्हाला मधे बोलता येणार नाही. शिवाय कागद पाठवायचेत. आमच्या नैनाने झेरॉक्स काढून दिलेत, सोबत आहेत, हरवू नका.

काम आहे. मी ज्या आल्टनहाइमच्या स्वयंपाकघरात आहे, म्हणजे ते म्हाताऱ्या माणसांचं घर, तिथे फ्राऊ क्लेम म्हणून एक बाई राहते. एक्याऐंशी वय. मीठ कमी म्हणून बटाटे परत पाठवायची, तेव्हा एकदा मी भांडायला वर गेले. तेव्हापासून आमचं जमतं. बाई जर्मन नव्हे, तुमच्या नॉर्वेची. नाव सोलवाय, जन्म सुलवोग गावचा. आई त्याच गावची, आस्लाउग. बाप जर्मन शिपाई.

लढाई संपल्यावर नॉर्वेवाल्यांनी असल्या बायकांना हाकललं. आस्लाउगने त्या शिपायाशी लग्न केलं होतं, म्हणजे आता तू आमची नाहीस, जा नवऱ्याच्या देशात. दोन वर्षांची पोर कडेवर, घातली बोटीत. ती परत कधी गेली नाही. इथेच मेली.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या सरकारने माफी मागितली म्हणे. फ्राऊ क्लेम म्हणते, सरकार कोण माझं? मला गावाने म्हणायला पाहिजे. आणि गावाची पंचायतच नाही! १९६४ साली बंद झाली. मला वाटलं समुद्रात बुडालं गाव. नाही, घरं आहेत, चर्च आहे, फक्त पंचायत शेजारच्या मोठ्या गावात घातली. मग म्हणणार कोण?

पण आता तिथले लोक त्या जुन्या पंचायतीचा इतिहास छापतायत. एकेक शेत घेऊन, तिथे कोण राहिलं, कोण जन्मलं, कोण कुठे दिलं. म्हणजे आपला कुलवृत्तांतच, फक्त घराण्याचा नाही, गावाचा. शेवटचा भाग पंधरा नोव्हेंबरला छापायला जातो. बाईने तीन पत्रं टाकली. एकाचं उत्तर आलं: अशी व्यक्ती यादीत नाही.

तिला आईचं नाव त्या पुस्तकात पाहिजे. दुसरं काही नको. डॉक्टर म्हणतो तिचं हृदय पाव हिश्शाने चालतंय. पुढच्या पुस्तकाची वाट बघ म्हणावं तर पुढचं पुस्तक नाहीच.

तुम्ही जन्मभर शाळेत शिकवलंत, लेकाकडे, हरीशकडे राहून तिकडची भाषा शिकलात, आणि आपल्या कुलवृत्तांताच्या संपादिका तुम्हीच. असल्या पुस्तकवाल्यांशी कसं बोलायचं ते तुम्हाला कळतं. मी पाचवी. तेव्हा उठा.

सुरेखा


ओलेसुंड
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय सुरेखा,

तुझं पत्र वाचून हरीश म्हणाला, "मामीचं पत्र आहे की समन्स?" कागद नीट पोचले. जयंताला म्हणावं, रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस.

सुलवोग इथून दोन फेरीबोटींच्या अंतरावर आहे. आधी ग्रंथालयात जाऊन आधीचे दोन भाग वाचले. तुला रस नसेल, तरी सांगते, कारण मला वाचताना फार मजा आली. शाळा कुठे बांधायची यावरून शेजारच्या पंचायतीशी भांडण झालं आणि १८९७ साली सुलवोगवाले वेगळे झाले. म्हणजे एका शाळेच्या जागेवरून सदुसष्ट वर्षांचा संसार! संपली तेव्हा लोकसंख्या सहाशे बारा. नऊ सभासद, बैठक त्याच शाळेत, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून. शेवटच्या अध्यक्षाने पंचायतीचा शिक्का द्यायला नकार दिला. म्हणाला, हरवलाय. तो मेल्यावर त्याच्या मासेमारीच्या बुटात सापडला.

आता तुझ्या कामाचं. संपादक ओडवार नावाचे निवृत्त शिक्षक आहेत. अत्यंत सौजन्याने बोलले. तुझ्या कागदांत आस्लाउगचं नाव 'आस्लाउग बाक्केन' असं आहे. बाक्केन हे किनाऱ्यावरचं एक शेत, आणि इकडच्या खेड्यांत शेताचं नाव तेच माणसाचं आडनाव. बाक्केनच्या यादीत १९२८ पासून पंचायत संपेपर्यंत आस्लाउग नाही. त्याआधीच्या कुटुंबाची नोंदच त्रोटक आहे.

सुरेखा, पुस्तकात नाव यायचं तर पुरावा लागतो. कोणी म्हणतं म्हणून छापता येत नाही. मी हे काम केलंय, मला ठाऊक आहे. म्हातारीला फार आशा लावू नकोस.

विभावरी


बाड हॉम्बुर्ग
२३ सप्टेंबर २०२४

वन्सं,

शिक्क्याची गोष्ट फ्राऊ क्लेमला सांगितली. हसून ठसका लागला, नर्स धावत आली, मला ओरडली. म्हणजे पोचली.

पण तुम्ही दोन बोटी लांब बसून बुटातले शिक्के कसले शोधता? शेताचं नाव तेच आडनाव, बरं. मग माणसाने शेत बदललं की? आडनाव त्याच्या मागे चालत जातं की जुन्या शेतात राहतं? हे विचारलंत का त्या ओडवारला? नाही विचारलंत. सौजन्य बघत बसलात.

मला वाटतं आस्लाउगचा बाप घरजावई गेला. आमच्या गल्लीतला दत्तू सासऱ्याच्या घरी राहायला गेला तर सहा महिन्यांत लोक त्याला सासऱ्याच्या आडनावाने हाक मारायला लागले. रेशनकार्डावर एक, तोंडात दुसरं. पोरं शाळेत तिसऱ्याच नावाने. तुमच्यात कुणी घरजावई झाला तर त्यावर चादर टाकतात, म्हणून तुम्हाला सुचत नाही.

नुसतं वाटत नाही, मी बाईला विचारलं. तिची आई सांगायची, सात वर्षांची असताना सगळं घर वर टेकडीवर गेलं. आस्लाउगच्या हातात टोपली, टोपलीत कोंबडी. वर आईची आई राहायची, तिला मुलगा नव्हता. आजी म्हणाली, आता तुम्ही इथले. शेताचं नाव तिला आठवत नाही. टेकडीवरचं बघा.

बाईचे पाय सुजलेत. मी बटाट्यात मीठ घालायचं बंद केलंय. ती परत पाठवते, मी परत वर नेते. तेवढ्यात आमचं बोलणं होतं.

घाई करा.

सुरेखा


ओलेसुंड
८ ऑक्टोबर २०२४

प्रिय सुरेखा,

तुझा तर्क बरोबर निघाला. मान्य करते.

टेकडीवरच्या शेताचं नाव टायगेन. १९२८ साली बाक्केनचा पेडर हा बायकोच्या माहेरी, म्हणजे टायगेनला, राहायला गेला आणि तेव्हापासून पेडर टायगेन झाला. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत आस्लाउग आहे, जन्म १९२१, बाक्केन. ती जुन्या नावाने जन्मली आणि तेच नाव घेऊन गेली, म्हणून सापडत नव्हती. वहीतल्या त्या पानाची छायाप्रत सोबत जोडली आहे.

पुस्तकात मात्र आता बदल होणं कठीण दिसतं. टायगेनच्या पानावर पेडरची चार मुलं आहेत, ती मांडणी पूर्ण झाली आहे. आस्लाउगबद्दल पुरेशी माहिती मिळाली नाही, असं ओडवार म्हणाले. मी फार ताणलं नाही. प्रत्येक संपादकाच्या काही अडचणी असतात.

छायाप्रत तिला चौकटीत घालून दे. तिच्या खोलीत छान दिसेल.

इकडे डोंगरांवर बर्फ पडायला लागलं.

विभावरी


बाड हॉम्बुर्ग
१५ ऑक्टोबर २०२४

वन्सं,

चौकट तुमच्याकडेच ठेवा.

माहिती मिळाली नाही. हे वाक्य मी आधी वाचलंय. तुम्हाला वाटलं सुरेखाला वाचता येत नाही, किंवा वाचायचा कंटाळा. कंटाळा आहेच. पण तुमच्या भावाने तो कुलवृत्तांत कपाटावर बॅगांच्या मागे का ठेवलाय ते मला बघायचं होतं. स्टूल घेतलं, काढला, बोट लावून लावून वाचला. पान तीनशे बारा. 'जयंत. जर्मनीत वास्तव्य. कन्या नैना.' आणि खाली बारीक अक्षरात: पत्नीविषयी माहिती मिळाली नाही.

वन्सं, तुम्ही ते पान लिहिलंत तेव्हा मी कुठे होते? दोन हजार तीनचा मे महिना, पुण्याला तुमच्याच घरी. तुम्ही जेवणाच्या टेबलावर कागद पसरून, मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. मधे चार पावलं. मी विचारलं, वन्सं काय लिहिताय? तुम्ही म्हणालात, घरातल्यांची नावं. मी म्हटलं, थांबा, हात धुऊन येते, माझं सांगते. तुम्ही म्हणालात, "नको गं, आहे माझ्याकडे."

मग मी तुम्हाला गरम गरम पोळी वाढली. तूप लावून.

इतकी वर्षं बोलले नाही. आत्ताही बोलले नसते. मला त्या पुस्तकाशी काय करायचंय? माझं नाव पेन्शनच्या कागदावर आहे, घराच्या करारावर आहे, आणि नैनाच्या शाळेत तर सगळे शिक्षक मला दुरूनच ओळखायचे. पण तुम्ही दुसऱ्या कुणाचं तेच वाक्य उचलून मला पाठवलंत आणि वर सही केलीत, म्हणून बोलते.

तिथे कुणीतरी नको म्हणतंय. कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. ओळखीचा वास लगेच येतो, तुम्हाला आला असणार, म्हणून तर ताणलं नाहीत.

बाईला काल इस्पितळात हलवलं. दम लागतो. मी सुट्टीच्या वेळात जाते. ती दर वेळी विचारते, सुरेखा, आल्झो? म्हणजे, मग काय झालं? मी सांगते, माझी नणंद काम करतेय, तिला असल्या पुस्तकांचं सगळं कळतं.

एक महिना उरलाय. हे पत्र आइनश्रायबनने पाठवतेय, तुमची सही घेऊन पोस्टमन देईल. पोचलं नाही म्हणू नका.

सुरेखा


ओलेसुंड
३० ऑक्टोबर २०२४

सुरेखा,

पोस्टमनला सही दिली. मग चार दिवस पाकीट हरीशच्या फ्रिजवर ठेवलं. मग वाचलं. मग आणखी पाच दिवस काही करू शकले नाही, आणि मग तिथे गेले. आता सगळं सांगते, मधे थांबले तर पुरं होणार नाही.

तुला इतकी वर्षं वाटत असेल की सासूबाईंनी सांगितलं म्हणून मी तसं लिहिलं. आईने सांगितलं नव्हतं. आईला काही पत्ताच नव्हता. तू ज्या घरातून आलीस ते छापलं तर आमच्या लोकांत चर्चा होईल, आणि संपादिका म्हणून मला उत्तरं द्यावी लागतील, म्हणून मीच लिहिलं. दुसरं कारण नाही. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

गेल्या सोमवारी दोन्ही बोटी बदलून सुलवोगला गेले. ओडवारच्या टेबलावर टायगेनचा पहिला खर्डा होता. मुलांना आकडे होते, एक ते पाच. तीन नंबर पेन्सिलीने खोडलेला. मी म्हटलं, हे कुणी खोडलं? ते म्हणाले, शेतावरच्या लोकांची तशी इच्छा आहे. मी म्हटलं, मला त्यांच्याकडे न्या.

टायगेनला आता गुनवोर राहते. आस्लाउगच्या धाकट्या भावाची मुलगी, सत्तर वर्षांची, म्हणजे तुझ्या म्हातारीची सख्खी मामेबहीण. तिने कॉफी दिली, घावनासारखं काहीतरी दिलं, आणि विषय निघताच उठून भांडी घासायला लागली. पाठ माझ्याकडे. मला ती पाठ बघवेना. मी माझ्या मोडक्या नॉर्वेजियनमध्ये तिला तुझी गोष्ट सांगितली. चार पावलं, पोळ्या, तूप, सगळी. मी काय उत्तर दिलं तेही. ती हात पुसत वळली. म्हणाली, "आणि त्या बाईला कळलं?" मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून नाही, पण कळलं. आता माझ्या घरी एक पत्र आहे, ते वाचल्यापासून मला जेवण जात नाही.

मग ती म्हणाली ते ऐक. त्यांना लाज आस्लाउगची नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये कोणत्या बायकांना पाठवायचं त्याची यादी पंचायतीसमोर आली. पाच नावं. नऊ सभासदांनी सह्या केल्या. चौथी सही पेडर टायगेनची.

तिच्या बापाची, सुरेखा.

आस्लाउगचं नाव छापलं की ती गेली कशी हे लोक विचारणार, यादी निघणार, आजोबांची सही निघणार. म्हणून मुलगीच खोडली. अडाणी माणूस घाबरून खोडतो, शिकलेला सवडीने खोडतो, एवढाच फरक.

शेवटी गुनवोर म्हणाली, ओळ तिची आहे, तिलाच लिहू दे. जे लिहील ते छापा. ओडवारनी दोन ओळींची जागा ठेवली आहे. चौदा तारखेपर्यंत.

सहीचं तिला सांगायचं की नाही, ते तू ठरव. तू तिला ओळखतेस.

आणि दोन ओळी पाठव. एक तिची, एक तुझी. कुलवृत्तांताची आवृत्ती आता निघणार नाही, पण सत्तावीस घरांत प्रती आहेत आणि प्रत्येक घराचा पत्ता माझ्याकडे आहे. ओळ छापून घेते, पान तीनशे बारावर चिकटवायला प्रत्येकाला पाठवते. खाली माझं नाव घालून.

विभावरी


बाड हॉम्बुर्ग
९ नोव्हेंबर २०२४

वन्सं,

बाई परत खोलीत आली आहे. डॉक्टरला काय वाटायचं ते वाटो.

सही सांगितली. लपवण्याचा मला आता वीट आलाय. सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही, खिडकीची धूळ पुसत होते. ती म्हणाली, "सुरेखा, ती धूळ कालच पुसलीस. मला माहीत आहे. आईने बघितली होती यादी. धक्क्यावर टांगलेली होती."

म्हणजे बघा. तुम्ही, मी, ती गुनवोर, सगळे जे झाकत बसलो ते आस्लाउगने लेक कडेवर घेऊन उभ्यानेच वाचलं होतं.

ओळ लिहायला चार दिवस घेतले तिने. चार! पहिल्या दिवशी इतकी लांब की चार पानं लागतील. दुसऱ्या दिवशी त्यात बाप होता आणि शिव्या होत्या, त्या नैनाने जर्मनमध्ये उतरवून घेतल्या आणि स्वतःच लाल झाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, काही नको, राहू द्या. तेव्हा मी ओरडले. म्हटलं, माझी सत्तरीची नणंद बर्फात दोन बोटी बदलून गेली आणि तुम्ही राहू द्या म्हणता? उद्या बटाट्यात मीठ काय, बटाटाच नाही.

चौथ्या दिवशी एवढंच सांगितलं, आणि वर म्हणाली, आईच्या बापाचं घालायचं नाही, तो पानावर वर आहेच. सोबत तिच्या हातचा कागद आहे. मराठीत असं होतं:

'३. आस्लाउग, जन्म १९२१. १९४५ साली इथून पाठवली. मुलगी सोलवाय तिच्याबरोबर.'

'गेली' लिहायचं नाही. गुनवोरला सांगा, 'पाठवली'. आणि तीन नंबर तीनच. शेवटी नेऊन घालायचा नाही.

माझी ओळ नंतर. आधी तिची छापून दाखवा. रागावू नका, पण तुमच्या हातून एकदा पोळलेय.

सुरेखा


ओलेसुंड
२० जानेवारी २०२५

सुरेखा,

पुस्तक सोबत आहे. पान एकशे अठ्ठ्याऐंशी. मी पानावर खूण ठेवलेली नाही, तिला स्वतः शोधू दे. पहिल्या पानावर गुनवोरने काही लिहिलंय, ते मी वाचलं नाही.

तुझ्या ओळीची वाट बघते आहे. फोन केलास तरी चालेल.

विभावरी


बाड हॉम्बुर्ग
२ फेब्रुवारी २०२५

वन्सं,

फोन नको. चाललंय ते बरं चाललंय.

पुस्तक घेऊन मी ॲप्रनसकट वर गेले. बाईने चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. मला म्हणाली तू बस, मग म्हणाली उजेड अडवू नकोस, उठ. एकेक पान उलटत गेली. मी म्हटलं एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे अठ्ठ्याऐंशी! ती म्हणाली, "गप्प बस, वाटेत शेजारी आहेत."

मग आलं. बोट ठेवलं. वाचून झालं तरी बोट उचलेना. मी खाली जाऊन सूप बघून आले, तरी बोट तिथेच. मग म्हणाली, "पाठवली. छापलंय त्यांनी. पाठवली." रडली वगैरे नाही. भूक लागली म्हणाली. बटाटे खाल्ले, बिनमिठाचे, परत पाठवले नाहीत. पहिल्यांदाच.

गुनवोरने पहिल्या पानावर लिहिलंय की उन्हाळ्यात ये, आजीचा पलंग अजून आहे. डॉक्टर म्हणतो प्रवास नको. ती म्हणते, डॉक्टर पंचायतीचा सभासद आहे का? जूनमध्ये मी घेऊन जाणार आहे. दुसऱ्या बोटीवर तुम्ही या. घावनासारखं ते काय असतं ते मला बघायचंय.

आता माझी ओळ. एकही शब्द बदलायचा नाही, आणि शिक्षण झाकायचं नाही. सत्तावीस घरांना तशीच जाऊ दे:

'पत्नी सुरेखा. वडील सांगलीला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. शिक्षण पाचवी. कुणी दिली नाही, स्वतः आली.'

डिंक चांगला वापरा.

सुरेखा